फादर जॉर्ज लमेत्र : दोन वाटांचा एकच प्रवासी

दहावी-बारावीचे निकाल लागले, की धर्मग्रामातील अनेक घरांत एकच विषय चर्चेस येतो. मुलाला किंवा मुलीला विज्ञानाची ओढ असते. आईवडिलांना तिचे कौतुक असते; परंतु त्या कौतुकाआड एक मूक शंकाही दडलेली असते. आपले लेकरू मोठ्या विद्यापीठात गेले, अणू आणि आकाशगंगा यांच्या गणितात रमले, तर रविवारच्या मिस्सापासून दुरावणार तर नाही ना? याच्या नेमकी उलट अशी दुसरी प्रवृत्तीही आपल्यात आढळते. विश्वाचा आरंभ महास्फोटातून झाला असे वृत्तपत्रात वाचले, की काही भाविकांना हर्ष होतो आणि विज्ञानाने अखेर उत्पत्तीचे पुस्तक खरे ठरवले, असे ते सांगू लागतात. वरवर पाहता एकीकडे भय आहे आणि दुसरीकडे हर्ष. परंतु दोहोंचे मूळ एकच आहे, असे आम्हांस वाटते. श्रद्धेचे भवितव्य प्रयोगशाळेच्या निकालावर अवलंबून आहे, हा तो समज होय.

या समजाला ज्यांनी आपल्या संपूर्ण आयुष्याने उत्तर दिले, त्या फादर जॉर्ज लमेत्र यांची जीवनकथा आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. बेल्जियममधील लुवेन येथील कॅथलिक विद्यापीठात ते प्राध्यापक होते आणि आयुष्याची ४३ वर्षे ते धर्मगुरू होते. विश्व प्रसरण पावत आहे, हा निष्कर्ष सिद्धान्त आणि निरीक्षणे यांची सांगड घालून प्रथम त्यांनी काढला. त्या विश्वाला एक भौतिक आरंभ असावा, ही कल्पनाही आधुनिक भौतिकशास्त्राच्या भाषेत प्रथम त्यांनीच मांडली. आपल्या शोधाचा आपल्या श्रद्धेसाठी पुरावा म्हणून वापर करण्याची सर्वांत मोठी संधी त्यांनाच होती. ती संधी त्यांनी जाणीवपूर्वक नाकारली. त्यांच्या चरित्रातील खरा धडा या नकारात आहे.

कोळशाच्या प्रदेशातील मुलगा

जॉर्ज लमेत्र यांचा जन्म १७ जुलै १८९४ रोजी शार्लरॉ या गावी झाला. दगडी कोळसा, लोखंड आणि काच यांसाठी हा परिसर प्रसिद्ध होता. वडील जोसेफ हे काचेचे कारखानदार होते. आई मार्गेरित. चार भावंडांत जॉर्ज थोरले. कुटुंब धर्मनिष्ठ आणि कष्टाळू होते. पुढे कारखाना आगीत भस्मसात झाला. वडिलांना नव्याने उभे राहावे लागले आणि १९१० च्या सुमारास हे कुटुंब ब्रुसेल्स येथे आले.

वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षीच जॉर्जच्या मनाने दोन गोष्टी घेतल्या होत्या. आपण धर्मगुरू व्हावे ही एक आणि आपण शास्त्रज्ञ व्हावे ही दुसरी. वडिलांनी मुलाच्या पाचारणाला विरोध केला नाही, पण घाईही होऊ दिली नाही. आधी शिक्षण पुरे करावे, मग निर्णय घ्यावा, असा त्यांचा सल्ला होता. येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळांत जॉर्ज यांनी गणित, भौतिकशास्त्र आणि अभिजात भाषांचा पाया पक्का केला. १९११ साली त्यांनी लुवेन विद्यापीठात खाणकाम अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. कोळशाच्या प्रदेशातील मध्यमवर्गीय घराने थोरल्या मुलासाठी अभियंत्याचा पेशा निवडावा, यात नवल नव्हते. आजही आपल्याकडे हुशार मुलाची पहिली वाट तीच असते.

खंदकातील चार वर्षे

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले. वीस वर्षांचे जॉर्ज आणि त्यांचे बंधू जाक स्वयंसेवक म्हणून सैन्यात दाखल झाले. त्याच महिन्यात लुवेन विद्यापीठाचे शतकानुशतकांचे ग्रंथालय जाळण्यात आले आणि दोन लाखांहून अधिक ग्रंथांची राख झाली. जॉर्ज आधी पायदळात आणि नंतर तोफखान्यात लढले. यसर नदीकाठच्या चिखलातील लढाई त्यांनी अनुभवली. एप्रिल १९१५ मध्ये ईपर येथे क्लोरीन वायूचा पहिला मोठा हल्ला झाला, त्याची भीषणता त्यांनी डोळ्यांनी पाहिली. युद्धानंतर त्यांना शौर्याबद्दल लष्करी पदक देण्यात आले.

खंदकातील मोकळ्या वेळात त्यांच्याजवळ दोन प्रकारचे वाचन असे. एक, फ्रेंच गणिती प्वँकारे यांचे भौतिकशास्त्रावरील ग्रंथ. दुसरे, पवित्र शास्त्र, विशेषतः उत्पत्तीचे पुस्तक. मृत्यू रोज शेजारी उभा असताना या तरुण सैनिकाच्या मनात दोन्ही वाचने एकमेकांत मिसळू लागली. परमेश्वराने प्रकाश निर्माण केला, हे वचन भौतिकशास्त्राच्या नियमांनी समजावून सांगता येईल काय, असा विचार तो करू लागला. युद्धानंतर, १९२१ च्या सुमारास, या विषयावर त्यांनी एक टिपणही लिहिले. ते त्यांनी प्रसिद्ध केले नाही. या वाटेने जाऊ नये, असे त्यांचे त्यांनाच उमगले. शास्त्रवचनांत समीकरणे शोधण्याचा मोह त्यांनी प्रथम स्वतःच अनुभवला होता आणि तो स्वतःच बाजूला ठेवला होता. पुढील आयुष्यात त्यांनी जी सावधगिरी दाखवली तिचे बीज येथे आहे.

सेमिनरीतील सापेक्षता

युद्धावरून परतलेल्या लमेत्र यांना खाणीची अभियांत्रिकी नकोशी झाली. त्यांनी गणित व भौतिकशास्त्र निवडले, जोडीला संत थॉमस यांच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यासही पुरा केला. १९२० मध्ये त्यांनी गणितातील डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी ते मेखेलेन येथील सेमिनरीत दाखल झाले. युद्धामुळे ज्यांचे पाचारण लांबणीवर पडले होते अशा प्रौढ उमेदवारांसाठी तेथे वेगळी सोय करण्यात आली होती.

आमच्यासारख्या सेमिनरीत वाढलेल्यांना येथे एका गोष्टीचे विशेष वाटते. ईशज्ञानाचे पाठ चालू असतानाच लमेत्र आपल्या खोलीत आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्ताचा अभ्यास करीत होते. हा सिद्धान्त तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता आणि तो समजणारे लोक मोजकेच होते. कार्डिनल मर्सिए यांनी या उमेदवाराला अडवले नाही; उलट प्रोत्साहन दिले. एका वरिष्ठाच्या या मोकळ्या मनाचे ऋण विज्ञानाच्या इतिहासावर आहे. सप्टेंबर १९२३ मध्ये कार्डिनल मर्सिए यांच्याच हस्ते लमेत्र यांना गुरुदीक्षा मिळाली. सापेक्षतेवरील प्रबंधाबद्दल त्यांना बेल्जियम सरकारची परदेशी अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि दीक्षेनंतर लगेच हे नवे धर्मगुरू इंग्लंडला निघाले.

केंब्रिज येथे त्यांनी आर्थर एडिंग्टन यांच्या मार्गदर्शनाखाली एक वर्ष काम केले. १९१९ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी प्रकाशकिरण सूर्याजवळ वाकतात हे दाखवणारे ते हेच एडिंग्टन. ते क्वेकर पंथाचे निष्ठावंत ख्रिस्ती होते. पुढले वर्ष लमेत्र अमेरिकेत राहिले. हार्वर्डच्या वेधशाळेत हार्लो शॅप्ली यांच्याजवळ त्यांनी काम केले आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत डॉक्टरेटसाठी नाव नोंदवले. हा काळ खगोलशास्त्रात मोठ्या उलथापालथीचा होता. देवयानीतील धूसर ढग हा आपल्या आकाशगंगेचा भाग नसून स्वतंत्र दीर्घिका आहे, हे एडविन हबल यांनी नुकतेच सिद्ध केले होते. लमेत्र यांनी अॅरिझोनात जाऊन स्लायफर यांची आणि कॅलिफोर्नियात जाऊन हबल यांची भेट घेतली. त्यांचे वैशिष्ट्य येथे दिसते. समीकरणांत निष्णात असलेला हा गणिती, दुर्बिणीजवळ बसणाऱ्यांकडे स्वतःहून चालत गेला.

प्रसरण पावणारे विश्व

१९२५ मध्ये ते लुवेनला अध्यापनासाठी परतले. १९२७ मध्ये त्यांनी ब्रुसेल्सच्या एका वैज्ञानिक संस्थेच्या वार्षिकात फ्रेंच भाषेत एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळी विश्व एकूणात स्थिर आहे, असे बहुतेक सर्व शास्त्रज्ञ मानीत. आइन्स्टाइन यांनी तर विश्व स्थिर राहावे म्हणून १९१७ मध्ये आपल्या समीकरणात एक जादा स्थिरांक घातला होता. लमेत्र यांनी दाखवले, की त्या समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्वच निघते आणि प्रत्यक्ष निरीक्षणेही तेच सांगतात.

हे कसे, ते एका साध्या उदाहरणाने पाहू. शाळेच्या मैदानावर कवायतीसाठी मुले एका रांगेत, प्रत्येकी एक हात अंतर ठेवून उभी आहेत. शिक्षकांनी प्रत्येक दोन मुलांमधील अंतर दुप्पट करण्यास सांगितले. आता कोणत्याही मुलाने शेजाऱ्याकडे पाहिले, तर तो एक हातावरून दोन हातांवर गेलेला दिसेल. परंतु दहावा मुलगा दहा हातांवरून वीस हातांवर गेलेला दिसेल. जो जितका दूर, तो तितक्या अधिक वेगाने दूर गेला. गंमत अशी, की रांगेतील प्रत्येकाला आपणच मध्यभागी आहोत असे वाटेल. वास्तविक मध्यभागी कोणीच नाही. दीर्घिकांचे तसेच आहे. त्या अवकाशातून धावत नाहीत. त्यांच्यामधील अवकाशच ताणले जाते. त्या ताणाने त्यांच्याकडून येणारा प्रकाशही लांबतो आणि वर्णपटात तांबड्या बाजूला सरकतो.

लमेत्र यांनी ४२ दीर्घिकांची माहिती घेऊन या प्रसरणाचा वेगही काढला. सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांच्या अंतरामागे सेकंदाला ६२५ किलोमीटर, हा त्यांचा आकडा. आजच्या मोजमापांनुसार तो ७० च्या आसपास आहे. त्या काळी दीर्घिकांची अंतरे फार कमी धरली जात, म्हणून हा फरक पडला; तत्त्व मात्र अचूक होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रुसेल्स येथील सॉल्व्हे परिषदेच्या वेळी त्यांची आइन्स्टाइन यांच्याशी भेट झाली. आइन्स्टाइन यांनी गणित बरोबर असल्याचे मान्य केले, परंतु त्यामागील भौतिकशास्त्र त्यांना मुळीच पटले नाही आणि तसे त्यांनी कठोर शब्दांत सांगितले. रशियातील फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये अशीच समीकरणे सोडवली होती, हेही लमेत्र यांना आइन्स्टाइन यांच्याकडूनच कळले. जगातील सर्वांत नामवंत शास्त्रज्ञाकडून झालेला हा अव्हेर एखाद्या तेहतीस वर्षांच्या प्राध्यापकाला खचवू शकला असता. लमेत्र लुवेनला परतले आणि आपल्या वर्गांना लागले.

श्रेयाचा प्रश्न

१९२९ मध्ये हबल यांनी दीर्घिकांचे अंतर आणि वेग यांतील संबंध निरीक्षणांनी दाखवला व तो हबल यांचा नियम म्हणून जगभर गाजला. १९३० मध्ये लमेत्र यांनी आपले जुने गुरू एडिंग्टन यांना पत्र लिहून १९२७ च्या निबंधाची आठवण करून दिली. एडिंग्टन यांना तो निबंध पूर्वी मिळाला होता, पण त्यांच्या विस्मरणात गेला होता. त्यांनी मोकळेपणाने त्याचे महत्त्व जाहीर केले आणि १९३१ मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे इंग्रजी भाषांतर छापले गेले.

या भाषांतरात एक गोष्ट नव्हती. प्रसरणाचा वेग ज्या परिच्छेदात काढला होता, तो महत्त्वाचा भाग गळला होता. यामागे कोणाचा तरी डाव असावा, असा संशय अनेक वर्षे घेतला गेला. २०११ मध्ये मारिओ लिव्हिओ यांनी जुना पत्रव्यवहार धुंडाळून सत्य पुढे आणले. भाषांतर स्वतः लमेत्र यांनीच केले होते. हबल यांची अधिक चांगली निरीक्षणे उपलब्ध झाल्यामुळे आपले जुने आकडे पुन्हा छापण्यात अर्थ नाही, असे समजून त्यांनीच तो भाग वगळला होता. ज्या ओळींवर त्यांचे नाव इतिहासात कोरले गेले असते त्या त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकल्या. विद्यापीठांतून शोधनिबंधांच्या श्रेयासाठी जी चढाओढ चालते ती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कृतीचे मोल सांगण्याची गरज नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या सदस्यांनी मतदान करून हा नियम यापुढे हबल-लमेत्र नियम या नावाने ओळखला जावा, अशी शिफारस केली. ७८ टक्के मते बाजूने पडली. तोवर लमेत्र यांच्या मृत्यूला ५२ वर्षे झाली होती.

खोडलेले वाक्य

विश्व प्रसरण पावत असेल, तर काळाच्या उलट दिशेने जाता ते लहान व अधिक दाट होत गेले पाहिजे. हा विचार लमेत्र यांनी धैर्याने शेवटापर्यंत नेला. ९ मे १९३१ रोजी नेचर या नियतकालिकात त्यांचे एक पानभरही नसलेले टिपण प्रसिद्ध झाले. विश्वाची सर्व ऊर्जा आरंभी एकाच आदिअणूत सामावलेली असावी आणि त्याच्या विघटनातून सारे काही उत्पन्न झाले असावे, असे त्यांनी सुचवले. पहिल्या विघटनापूर्वी स्थळ आणि काळ या कल्पनांनाच अर्थ नव्हता. विघटन सुरू झाले तेव्हाच त्या अर्थपूर्ण झाल्या, असे त्यांचे म्हणणे होते.

या टिपणाचा टंकलिखित मसुदा लुवेनच्या संग्रहात राहिला आहे. त्याच्या अखेरीस आणखी एक वाक्य होते. जो परमेश्वराला मानतो तो परमेश्वर स्वभावतःच गुप्त आहे हेही मानतो. तेव्हा आजचे भौतिकशास्त्र निर्मितीवर पडदा धरते हे पाहून त्याला आनंदच व्हावा, असा त्याचा आशय होता. प्रसिद्धीपूर्वी लमेत्र यांनी ते वाक्य खोडले. त्यात धर्मविरोधी असे काहीही नव्हते. उलट, यशया संदेष्ट्याच्या परंपरेतील तो एक खोल विचार होता. तरीही वैज्ञानिक टिपणात त्याला जागा नाही, असे त्यांनी ठरवले. ज्या वाचकाची श्रद्धा नाही त्यालाही आपला सिद्धान्त केवळ गणित आणि निरीक्षणे यांवर पारखता यावा, ही त्यामागची सचोटी होती. आम्हांस वाटते, त्या एका रेघेत एका प्रामाणिक शास्त्रज्ञाचे आणि प्रामाणिक धर्मगुरूचे दर्शन एकाच वेळी घडते.

आरंभ आणि निर्मिती

लमेत्र यांच्या कल्पनेला विरोध होणे अटळ होते. अनेकांना त्यात धर्मगुरूचा हात दिसला. विश्वाला आरंभ देऊन हा कॅथलिक प्राध्यापक मागील दाराने निर्माणकर्त्याला विज्ञानात आणू पाहतो, अशी शंका घेतली गेली. १९४८ मध्ये केंब्रिजच्या फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धान्त मांडला. विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य सतत उत्पन्न होत असल्याने ते सर्वकाळ सारखेच दिसते, त्याला आरंभ नाही आणि अंतही नाही, असा तो विचार. १९४९ मध्ये बी.बी.सी.वरील भाषणात हॉइल यांनीच प्रतिपक्षाच्या कल्पनेला बिग बँग असे नाव दिले आणि तेच रूढ झाले.

मराठी वाचकाला या वादाचा एक धागा फार जवळचा आहे. कोल्हापूर येथे १९३८ मध्ये जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर हे केंब्रिजमध्ये याच हॉइल यांचे विद्यार्थी व पुढे सहकारी झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आपल्या मराठी लेखनातून त्यांनी घराघरांत खगोलशास्त्र पोहोचवले, १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही संस्था उभी केली आणि महास्फोटाविषयी ते अखेरपर्यंत साशंक राहिले. त्यांची शंका वैज्ञानिक होती. तिला उत्तर द्यायचे ते निरीक्षणांनी द्यावे, धर्मवचनांनी नव्हे, हे लमेत्र यांनी सर्वांत आधी मान्य केले असते. १९५७ मध्ये व्हॅटिकनमध्ये ताऱ्यांवरील अभ्याससप्ताह भरला, तेव्हा हॉइल आणि लमेत्र हे दोघेही निमंत्रित होते.

सर्वांत नाजूक प्रसंग मात्र विरोधकांकडून आला नाही. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीपुढे भाषण केले. विश्वाच्या आरंभाविषयीच्या नव्या शोधांचा त्यांनी आनंदाने उल्लेख केला आणि निर्मात्याकडे बोट दाखवणारी साक्ष त्यांत पाहिली. पुढील संशोधनाची गरजही पोप महोदयांनी नमूद केली होती. परंतु जगभरच्या वृत्तपत्रांनी विज्ञानाने निर्मिती सिद्ध केली, असाच त्याचा अर्थ लावला. लमेत्र अस्वस्थ झाले. त्यांचा सिद्धान्त तेव्हा सिद्ध झालेला नव्हता. तो उद्या खोटा ठरला असता, तर त्याबरोबर श्रद्धाही खोटी ठरली असे लोक म्हणाले असते. शिवाय विरोधकांची शंका खरी होती, असेही त्यांना वाटले असते.

सप्टेंबर १९५२ मध्ये रोममध्ये जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांची परिषद भरणार होती आणि पोप महोदय त्यांना संबोधणार होते. दक्षिण आफ्रिकेला जात असताना लमेत्र रोममध्ये थांबले. व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक फादर डॅनियल ओकॉनेल यांच्याशी त्यांनी विचारविनिमय केला आणि आपली चिंता योग्य ठिकाणी पोहोचवली. त्यांनी वृत्तपत्रांत पत्र लिहिले नाही, जाहीर टीका केली नाही. ७ सप्टेंबरच्या भाषणात पोप महोदयांनी विज्ञानाची थोरवी गायिली. महास्फोटाला निर्मितीचा पुरावा मात्र म्हटले नाही. यामागे लमेत्र आणि ओकॉनेल यांचा सल्ला होता, असे अभ्यासक मानतात. अधिकाऱ्याला आदर न सोडता सत्य सांगणे आणि अधिकाऱ्याने ते मनावर घेणे, दोन्ही दुर्मीळच.

लमेत्र यांच्या भूमिकेचा गाभा दोन शब्दांतील भेदात आहे : आरंभ आणि निर्मिती. आरंभ हा भौतिकशास्त्राचा विषय. घड्याळ कोठून सुरू झाले, पहिली अवस्था कोणती होती, हे मोजमापांनी शोधायचे. निर्मिती हा वेगळा प्रश्न. मुळात काही आहे आणि ते टिकून आहे, हे कोणामुळे? हा प्रश्न पहिल्या क्षणाला जितका लागू आहे, तितकाच या क्षणालाही लागू आहे. परमेश्वराने एकदा विश्वाला धक्का दिला आणि तो बाजूला झाला, अशी आपली श्रद्धा नाही. तो प्रत्येक क्षणी सर्व काही धारण करून आहे. संत थॉमस अॅक्वायनस यांनी तेराव्या शतकातच सांगून ठेवले होते, की विश्वाला आरंभ आहे हे आपण श्रद्धेने मानतो, ते तर्काने सिद्ध करता येत नाही. आणि दुबळे पुरावे पुढे केले, तर श्रद्धा न ठेवणाऱ्यांना हसण्याचे निमित्त मिळते. लमेत्र या शिकवणीत वाढले होते. पुढे १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी व्हॅटिकन वेधशाळेचे फादर कॉइन यांना लिहिलेल्या पत्रात हाच इशारा महास्फोटाचा नामोल्लेख करून दिला.

विद्यापीठातील धर्मगुरू

या मोठ्या प्रश्नांच्या पलीकडे लमेत्र यांचे दैनंदिन जीवन साधे होते. धर्मगुरूंच्या एका छोट्या बंधुसंघाचे ते सभासद होते आणि दरवर्षी काही दिवस मौन साधनेसाठी राखून ठेवीत. लुवेनमध्ये शिकण्यास आलेल्या चिनी विद्यार्थ्यांची त्यांनी आस्थेने काळजी वाहिली. त्यांना पियानोची आवड होती, चांगल्या जेवणाची होती आणि त्यांचे खळखळून हसणे प्रसिद्ध होते. १९३४ मध्ये त्यांना बेल्जियमचा मानाचा फ्रांकी पुरस्कार मिळाला. १९३६ पासून ते परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीचे सदस्य आणि १९६० पासून अखेरपर्यंत तिचे अध्यक्ष होते.

त्यांचे सर्वच अंदाज खरे ठरले नाहीत. अंतराळातून येणारे वैश्विक किरण हे आदिअणूच्या विघटनाचे अवशेष असावेत, असे त्यांना वाटे. ते तसे नाहीत. परंतु मेक्सिकोचे मान्वेल वायार्ता यांच्यासह त्यांनी या किरणांवर पृथ्वीच्या चुंबकत्वाचा काय परिणाम होतो, याची जी गणिते केली ती मोलाची ठरली. त्या प्रचंड आकडेमोडीतून त्यांना गणकयंत्रांचा छंद जडला. १९५८ मध्ये लुवेन विद्यापीठात पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक आला, त्यामागे त्यांचाच पुढाकार होता. साठीच्या उंबरठ्यापलीकडे गेलेले हे मोन्सिन्योर संगणकाची आज्ञावली लिहिण्यात तरुणांसारखे रमत. आइन्स्टाइन यांनी पुढे टाकून दिलेला तो जादा स्थिरांकही लमेत्र यांनी सोडला नव्हता. १९९८ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे असे आढळले आणि तो स्थिरांक शास्त्रज्ञांना पुन्हा स्वीकारावा लागला.

१९६४ च्या अखेरीस त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्याच सुमारास अमेरिकेत न्यू जर्सी येथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना आपल्या मोठ्या अँटेनात सर्व दिशांनी सारखाच येणारा एक मंद रेडिओ-गुंजारव सापडला. निरपेक्ष शून्याहून सुमारे ३ अंश वर असलेले हे प्रारण म्हणजे आरंभीच्या तप्त विश्वाची उरलेली ऊब होती. हा शोध १९६५ मध्ये जाहीर झाला. जून १९६६ मध्ये ल्यूकेमियाने आजारी असलेल्या लमेत्र यांना त्यांचे सहकारी ओदाँ गोदार यांनी रुग्णालयात ही वार्ता सांगितली. काही दिवसांतच, २० जून १९६६ रोजी, त्यांनी लुवेन येथे शांतपणे देह ठेवला. विश्वाचे वय आज सुमारे १३८० कोटी वर्षे मानले जाते.

आपल्यासाठी

२०१४ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने अंतराळ स्थानकाकडे पाठवलेल्या एका मालवाहू यानाला लमेत्र यांचे नाव दिले. १९२७ च्या त्या निबंधाला २०२७ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतात. अशा निमित्तांनी आपण अभिमान बाळगणे स्वाभाविक आहे. परंतु आमच्यातील एक शास्त्रज्ञ, एवढाच तो अभिमान राहिला, तर लमेत्र आपल्याला समजले नाहीत असे होईल.

विज्ञानाकडे वळणाऱ्या आपल्या तरुणांना आमचे सांगणे असे, की तुमच्या बुद्धीची ओढ हेही एक पाचारणच आहे. प्रयोगशाळेत प्रवेश करताना श्रद्धा दाराबाहेर काढून ठेवावी लागत नाही. तसेच प्रयोगात काही अडले तर तेथे परमेश्वराचे नाव घालून भोक बुजवायचेही नसते. प्रश्न शेवटापर्यंत विचारा, मोजमाप चोख करा, चुकलेला आकडा मोकळ्या मनाने सोडून द्या. आईवडिलांना आमची विनंती, की जोसेफ लमेत्र यांच्याप्रमाणे मुलांना वेळ द्या आणि कार्डिनल मर्सिए यांच्याप्रमाणे वाव द्या. आणि आम्हा उपदेश करणाऱ्यांसाठी ती खोडलेली ओळ पुरेशी आहे. परमेश्वराच्या गौरवासाठी आपण जे बोलतो ते खरे असले पाहिजे, आणि जे सिद्ध झालेले नाही ते त्याच्या नावावर खपवण्याची त्याला गरज नाही.

सत्य एकच आहे, म्हणून त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा एकमेकींना घाबरत नाहीत. फादर लमेत्र दोन्ही वाटांनी चालले. एका वाटेवरचे मैलाचे दगड उपटून त्यांनी दुसरीवर रोवले नाहीत. ही शिस्त आणि ही निर्भयता आपल्या घरांतून, शाळांतून आणि धर्मग्रामांतून वाढावी, हीच प्रार्थना.